कोआला नेमके किती? वादग्रस्त मोजदादीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेश या तीन भागांतील कोआलाची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली. त्याआधी २०१२ पासून तो याच भागांत ‘असुरक्षित’ या एक पायरी सौम्य वर्गात होता. मरे नदी ओलांडून दक्षिणेला व्हिक्टोरियात गेले, की मात्र तोच प्राणी राष्ट्रीय यादीत सापडत नाही. साउथ ऑस्ट्रेलियातही नाही. उलट दक्षिणेतल्या काही जंगलांत त्याची संख्या झाडांना सोसवेनाशी झाल्यामुळे त्याला आवर घालावा लागतो. एकाच प्राण्याचे असे दोन हिशेब का झाले, हे कळण्यासाठी कातड्यांच्या व्यापारापर्यंत मागे जावे लागते.

कोआलाची दाट, पाणी न धरणारी लोकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लंडन आणि अमेरिकेच्या बाजारात खपू लागली. झाडावर झोपलेला, पळून न जाणारा हा प्राणी मारायला फारसे कौशल्य लागत नसे. क्वीन्सलँडमध्ये १९१९ च्या खुल्या मोसमात सुमारे दहा लाख कोआला मारले गेल्याचे मानले जाते. ऑगस्ट १९२७ मध्ये, बेकारी आणि दुष्काळाने ग्रासलेल्या ग्रामीण भागाला चार पैसे मिळावेत म्हणून, तेथील सरकारने आणखी एक महिना शिकारीला मोकळा केला आणि त्या एका महिन्यात सुमारे सहा लाख कातडी जमा झाली. वर्तमानपत्रे, चर्च आणि सामान्य नागरिक यांच्याकडून इतका संताप व्यक्त झाला की असा मोसम पुन्हा उघडला गेला नाही. ‘काळा ऑगस्ट’ या नावाने तो महिना आजही ओळखला जातो.

दक्षिणेत तोवर फारसे काही उरलेच नव्हते. साउथ ऑस्ट्रेलियातून कोआला नाहीसा झाला होता आणि व्हिक्टोरियाच्या मुख्य भूमीवर तुरळक कळप तग धरून होते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याजवळील फ्रेंच बेटावर कोणीतरी मोजके कोआला नेऊन सोडले होते. तेथे त्यांची इतकी वाढ झाली की झाडे बोडकी होऊ लागली, आणि १९२० च्या दशकापासून हे जादा प्राणी पेटाऱ्यांत घालून मुख्य भूमीवर आणि इतर बेटांवर सोडले जाऊ लागले. त्यांतले अठरा कोआला साउथ ऑस्ट्रेलियाजवळच्या ‘कांगारू बेट’ या बेटावर गेले. आज दक्षिणेत दिसणारे बहुतेक कोआला या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत. म्हणून संख्या भरपूर दिसली तरी त्यांच्यातले जनुकीय वैविध्य तुटपुंजे आहे. कांगारू बेटावर एक वृषण नसलेले नर लक्षणीय प्रमाणात आढळतात, तो याचाच परिणाम मानला जातो. केवळ डोकी मोजणाऱ्या हिशेबात ही बाब येत नाही.

डोकी मोजणे तरी कोठे सोपे आहे? कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, आणि तेही उंच निलगिरीच्या बेचक्यात, खोडाच्याच करड्या रंगात. (आपल्याकडे बांधावर दिसणारी निलगिरी मूळची तिकडचीच, तिचा पाला आपली गुरे हुंगून सोडून देतात, कोआला मात्र त्यावरच जगतो.) त्यामुळे पाहणी करणारे बऱ्याचदा वर न बघता खाली बघतात. एक झाड मध्यवर्ती धरून त्याच्या भोवतालची मिळून तीस झाडे निवडायची, प्रत्येकाच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आत पालापाचोळा चाळायचा आणि लेंड्या शोधायच्या, ही रूढ पद्धत. ताजी लेंडी मोडली तर निलगिरीच्या तेलाचा वास येतो. अशाने कोआला तेथे वावरतात हे कळते. किती आहेत हे कळत नाही.

आकड्यांची ओढाताण येथूनच सुरू होते. एका संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशभरात ऐंशी हजारांहून कमी कोआला उरल्याचे जाहीर केले, तर तज्ज्ञांचे अंदाज एकत्र करून २०१६ मध्ये निघालेला आकडा सुमारे ३,२९,००० होता आणि त्याचीही खालची-वरची मर्यादा १,४४,००० ते ६,०५,००० इतकी सैल होती. त्याच अभ्यासात न्यू साउथ वेल्सच्या वाट्याला सुमारे ३६,००० आले होते. २०२० मध्ये त्या राज्याच्या संसदीय समितीने तातडीने पावले न उचलल्यास २०५० पूर्वी तेथील जंगलांतून कोआला नामशेष होईल असा इशारा दिला. पुढे उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेले ड्रोन रात्री उडवून आणि नरांचे ओरडणे यंत्रांनी ध्वनिमुद्रित करून त्याच राज्याने पाहणी केली, तेव्हा २०२५ मध्ये आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास गेला. दरम्यान कोआला आठपट झाले असे कोणी समजू नये. मादीला वर्षाला फार तर एक पिल्लू होते, तेही सहा महिने पोटाच्या पिशवीत राहते. वाढली ती मोजणाऱ्यांची नजर.

मग २०२२ चा निर्णय चुकला होता का? माझ्या मते हा प्रश्न मुळात चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. कायद्यातला वर्ग ठरवताना एकूण संख्येपेक्षा घसरणीच्या वेगाला वजन मिळाले होते. संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या वैज्ञानिक समितीपुढील अंदाजानुसार या तीन भागांतील संख्या २००१ मधील १,८५,००० वरून २०२१ मध्ये ९२,००० वर आली होती. मूळ आकडे कमी धरले गेले असतीलही. पण शेतीसाठी आणि घरांसाठी तुटणारी जंगले, रस्त्यावरचे अपघात, कुत्री, दुष्काळ आणि आंधळेपणा व वंध्यत्व आणणारा क्लॅमिडियाचा संसर्ग ही कारणे नव्या मोजणीमुळे नाहीशी झालेली नाहीत.

मोठ्या आकड्याचा भरवसा किती धरायचा, हे कांगारू बेटाने दाखवून दिले. त्या अठरा कोआलांची तेथे सुमारे पन्नास हजारांवर मजल गेली होती आणि १९९७ पासून नसबंदीची मोहीम चालू होती. २०१९-२० च्या वणव्यांत बेटाचा जवळजवळ निम्मा भाग जळाला, आणि आग विझल्यावर झालेल्या अंदाजात दहा हजारही कोआला उरले नव्हते.