'कम्पेअरटू' आणि 'कोलेटर': जावाच्या यादीत 'बळ' कुठे बसते?

पाच शब्द घ्या: बहर, बळ, बस, बलवान, बशी. जावा या प्रोग्रामिंग भाषेत त्यांची ॲरेलिस्ट (यादी) करा, 'सॉर्ट' मेथडला 'नल' द्या (म्हणजे क्रमाचा वेगळा नियम देऊ नका) आणि यादी छापा. उत्तर येईल: बलवान, बळ, बशी, बस, बहर. वरवर पाहता सगळे जागच्या जागी वाटते. आता हेच शब्द शाळेतल्या मुलीला वर्णमालेप्रमाणे लावायला सांगा. ती 'य र ल व श ष स ह ळ' असे म्हणत जाईल आणि 'बळ' सगळ्यांच्या शेवटी, 'बहर'च्याही नंतर ठेवेल. तिचेच बरोबर आहे. जावाचेही चुकलेले नाही, कारण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

जावात दोन स्ट्रिंगांपैकी, म्हणजे अक्षरांच्या ओळींपैकी, आधी कोणती, हे ठरवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, स्ट्रिंगच्या अंगचीच 'कम्पेअरटू' मेथड; 'नल' दिल्यावर 'सॉर्ट' हीच वापरते. दुसरी, 'जावा डॉट टेक्स्ट' पॅकेजमधला 'कोलेटर' क्लास. दोन्ही ऋण, शून्य किंवा धन आकडा परत देतात, दोन्ही 'सॉर्ट'ला चालतात, आणि म्हणून एकीच्या जागी दुसरी सर्रास वापरली जाते. विशेष म्हणजे कोलेटर काही नंतर सुचलेली सोय नाही. तो 1997 च्या जावा 1.1 मध्येच होता. कम्पेअरटूला 'सॉर्ट'शी जोडणारा 'कम्पेअरेबल' इंटरफेस त्यानंतर, 1998 च्या 1.2 मध्ये आला.

कम्पेअरटूचे काम सरळ आहे. दोन्ही स्ट्रिंगा डावीकडून एकेक एकक तपासत जायच्या, पहिला फरक सापडला की थांबायचे आणि दोन आकड्यांची वजाबाकी परत द्यायची. 'बळ' आणि 'बस' यांत 'ब' सारखा, मग 'ळ'चा आकडा 2355 आणि 'स'चा 2360. उत्तर उणे 5. 'बस' आणि 'बसणे' यांत फरक सापडण्याआधीच एक शब्द संपतो, म्हणून लांबीची वजाबाकी होते: दोन उणे चार. 'बसणे'ची लांबी चार, कारण 'णे'ची मात्रा हे स्वतंत्र एकक आहे. यात भाषा कुठेच नाही, फक्त युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले, आकडे आहेत.

मग 'ळ'ला 2355 हा आकडा मिळाला कसा? युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता 'इस्की' या भारतीय प्रमाणाच्या 1988 च्या आराखड्यावर बेतलेला आहे. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरे एकाच साच्यात बसवली आहेत. देवनागरी, गुजराती, कन्नड, तमिळ, कुठलाही तक्ता उघडा, 'ळ'चे घर 'ल'च्या शेजारी सापडेल. लिप्या एकमेकींशी जुळवायला ते सोयीचे आहे. पण मराठी वर्णमालेने 'ळ'ला 'ह'नंतरची जागा दिली आहे आणि आपला डोळा तिथेच शोधतो.

'ळ' एकटा नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, तेव्हा स्वरांमधली घरे भरलेली होती. त्याला तक्त्याच्या शेवटी, देवनागरी अंकांच्याही पुढे, 2418 हा आकडा मिळाला. म्हणून कम्पेअरटूने लावलेल्या यादीत 'ॲसिड' आणि 'ॲल्युमिनियम' हे शब्द 'हौस'नंतर येतात. वापरणारा 'अ'पाशी शोधतो आणि शब्दच नाही असे समजून परत जातो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर स्वतःचा आकडाच नाही. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन एकके, म्हणून 'क्षमा' 'कौल'नंतर आणि 'खण'च्या आधी येते. कुणाला 'क्ष' 'क'खालीच हवा असेल तर हे चालेल. वर्णमालेच्या शेवटी हवा असेल तर कम्पेअरटू ते देऊ शकत नाही.

रोमन लिपीतल्या नावांचीही हीच गत. कॅपिटल झेडचा आकडा 90 आणि स्मॉल ए चा 97, म्हणून सगळी कॅपिटल अक्षरे आधी संपतात आणि मग स्मॉल सुरू होतात. त्यावर 'कम्पेअरटू इग्नोअर केस' हा उपाय आहे. मात्र देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नसल्याने तो आपल्या प्रश्नाला शिवतही नाही.

कोलेटर वेगळा विचार करतो. तो पहिल्या फरकापाशी थांबत नाही. आधी दोन्ही स्ट्रिंगांची मूळ अक्षरे अखेरपर्यंत ताडून पाहतो. तिथे बरोबरी झाली तरच दुसऱ्या पातळीवर उतरून é सारख्या अक्षरांवरच्या आघातचिन्हांकडे बघतो, आणि तिसऱ्या पातळीवर कॅपिटल-स्मॉलकडे. कुठल्या पातळीपर्यंत जायचे ते 'सेट स्ट्रेंग्थ'ने सांगता येते. मुख्य म्हणजे कोलेटर लोकेल घेतो, म्हणजे कुणाच्या भाषेचा क्रम हवा ते आपण त्याला सांगतो.

पण मराठीचे लोकेल दिले की काम झाले, असे धरून चालू नका. जेडीकेमधला, म्हणजे जावासोबतच येणारा, कोलेटर मराठीचे खास नियम पाळतोच असे नाही. नियम सापडले नाहीत तर तो तक्रार करत नाही, मुकाट्याने सर्वसाधारण नियम लावतो, आणि 'बळ' पुन्हा 'बशी'च्या आधी जाऊन बसते. म्हणून वरच्या पाच शब्दांची चाचणी लिहूनच पुढे जा. मराठीचा क्रम हवा असेल तर आयसीयू या युनिकोड-साधनसंचाची जावा लायब्ररी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या मराठी नियमांत 'ळ' 'ह'नंतर येतो. फक्त इम्पोर्टच्या ओळीवर लक्ष ठेवा. आयसीयूमधल्या क्लासचे नावही 'कोलेटर'च आहे, आणि एडिटरने आपोआप दुसराच उचलला तर कोड बिनतक्रार चालतो, क्रम मात्र बदलतो. बाहेरची लायब्ररी चालणारच नसेल, तर 'रूल बेस्ड कोलेटर'ला आपली वर्णमाला स्वतः लिहून देता येते. त्यात 'क्ष' हे एकच अक्षर मानायचे, असेही सांगता येते.

दोन्ही कोलेटरांमधला आणखी एक फरक मला एका वाचनालयाच्या सभासदयादीने शिकवला. त्या यादीत आडनाव आणि नाव एकाच स्ट्रिंगमध्ये होते. जेडीकेचा कोलेटर लावला आणि 'मोरे अनिल'नंतर 'मोरेकर' आले, त्यानंतर 'मोरे सुनील'. एकाच आडनावाच्या माणसांमध्ये दुसरेच आडनाव घुसले. कारण हा कोलेटर मूळ अक्षरे ताडताना मधली मोकळी जागा धरतच नाही. त्याच्या लेखी तुलना 'सुनील'मधल्या 'स'ची आणि 'कर'मधल्या 'क'ची झाली. आयसीयू ती जागा मोजते. तरी खरा इलाज म्हणजे आडनाव आणि नाव वेगळी ठेवणे, 'कम्पॅरेटर डॉट कम्पेअरिंग'ला आडनाव आणि कोलेटर देणे, आणि 'देन कम्पेअरिंग'ला नाव आणि तोच कोलेटर देणे.

इतके वाचून सगळीकडे कोलेटरच वापरावा असे वाटेल. तसे करू नका. कोलेटरचे 'शून्य' आणि स्ट्रिंगच्या 'इक्वल्स'चे 'खरे' या दोन गोष्टी एक नव्हेत. ट्रीसेटला, म्हणजे समान नोंदी एकदाच ठेवणाऱ्या क्रमवार संचाला, कोलेटर दिला तर तो ज्यांना समान म्हणेल त्यांतली एकच स्ट्रिंग आत राहते, बाकीच्या गुपचूप गळतात. पातळी जितकी सैल, तितकी गळती जास्त. मराठीत याची धार चांगलीच जाणवते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी आठवा, एकीकडे विद्वान, दुसरीकडे स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला अर्धा र काही कीबोर्ड नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ' या अक्षराने लिहितात, तर काही साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून. युनिकोडच्या क्रमनियमांत हे जोडचिन्ह तुलनेतून पूर्ण वगळले जाते. म्हणजे दुसऱ्या पद्धतीने टंकलेला स्वयंपाकी कोलेटरच्या दृष्टीने विद्वानच ठरतो, आणि ट्रीमॅपमध्ये (की आणि तिची नोंद अशा जोड्यांच्या क्रमवार साठ्यात) एकाची नोंद दुसऱ्याची नोंद पुसते. कम्पेअरटू तिथे दोघांना वेगळे ठेवतो.

तो उलट बाजूलाही चुकतो. 'ऱ' हे एकसंध अक्षर आणि 'र'पुढे सुटा नुक्ता, ही एकाच अक्षराची दोन रूपे युनिकोड समान मानते. कम्पेअरटूला ती निराळी वाटतात. जेडीकेच्या कोलेटरलाही 'सेट डीकम्पोझिशन'ने सांगावे लागते, कारण मुळात ती सोय बंद असते. मजकूर साठवण्यापूर्वीच, अशी रूपे एकसारखी करणाऱ्या 'नॉर्मलायझर'मधून काढला तर हा प्रश्न मुळातच सुटतो.

म्हणून मी विभागणी अशी करतो: मॅपची की, फाइलींची नावे, दोन याद्या यंत्राने ताडून पाहणे, इथे कम्पेअरटू. तो जलद आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही लोकेलमध्ये तेच येते. माणूस जी यादी डोळ्यांनी चाळणार आहे तिथे कोलेटर, आणि तोही फक्त दाखवण्याच्या क्षणी. यादी लाखभर नावांची असेल तर प्रत्येक नावाची 'कोलेशन की' (क्रमनियम आधीच लावून तयार केलेली खूण) एकदाच काढून ठेवा, नाहीतर तेच नियम प्रत्येक तुलनेला पुन्हा लागत राहतात.

आणि 'कलेक्शन्स'मधली, यादी अर्धी-अर्धी करत शोधणारी 'बायनरी सर्च' वापरत असाल तर यादी ज्याने लावली तोच कम्पॅरेटर (तुलना करणारा) तिलाही द्या. तो द्यायचा राहिला तर ती कम्पेअरटूच्या क्रमाने शोधते. मराठी नियमांच्या कोलेटरने लावलेल्या त्या पाच शब्दांच्या यादीत 'बळ' शेवटी असते. शोध मात्र मधल्या 'बस'पाशी येतो, 'बळ' त्याच्या आधी असणार असे समजून डावीकडे वळतो, आणि समोर असलेला शब्द यादीत नाही असे सांगतो.