पार्श्वभूमी : अमेरिकेतली उपचार न्यायालये आली कुठून?

उपचार न्यायालये म्हणजे आरोपीला तुरुंगाऐवजी उपचारांकडे पाठवणारी न्यायालये. १९८९ साली फ्लोरिडातल्या मायामीत त्यांतले देशातले पहिले, व्यसनी आरोपींसाठीचे ड्रग कोर्ट सुरू झाले, तेव्हा त्यामागे तत्त्वज्ञान कमी आणि नाइलाज जास्त होता. कोकेन आणि क्रॅक (कोकेनपासूनच बनवलेला, ओढायचा खडा) यांच्या खटल्यांनी शहरातली न्यायालये तुंबली होती आणि तुरुंगात जागा उरली नव्हती. सुटलेला माणूस काही महिन्यांत त्याच कलमाखाली पुन्हा समोर उभा राहायचा. येरे माझ्या मागल्या. मुख्य न्यायाधीश जेरल्ड वेदरिंग्टन यांनी हर्बर्ट क्लाइन या सहकारी न्यायाधीशांना या प्रश्नाचा अभ्यास करायला मोकळे केले. त्यातून योजना तयार झाली आणि न्यायाधीश स्टॅन्ली गोल्डस्टीन यांच्याकडे नव्या कोर्टाची सूत्रे आली. अमली पदार्थ बाळगण्याच्या आरोपात पहिल्यांदा सापडलेल्यांना तुरुंगाऐवजी उपचार घ्यायचे, ठरलेल्या तारखांना लघवीची तपासणी द्यायची आणि न्यायाधीशांसमोर येऊन प्रगती सांगायची. वर्षभर टिकले तर खटला मागे. उपचारांत ॲक्युपंक्चरही होते, हे आज वाचताना जरा गंमत वाटते.

व्यसनी माणसाला डॉक्टरकडे पाठवायचे की तुरुंगात, हा वाद मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. १९१४च्या हॅरिसन कायद्याने अफू आणि कोकेनच्या व्यवहारावर केंद्र सरकारचे नियंत्रण आले. १९१९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेब खटल्यात असा निर्णय दिला की, व्यसन चालू राहावे एवढ्याचसाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार ठरत नाही. त्यानंतर डॉक्टर घाबरून मागे हटले, अनेक शहरांनी चालवलेले दवाखाने काही वर्षांत बंद पडले आणि व्यसनी माणूस पोलिसांच्या ताब्यात गेला. १९३५ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सरकारने एक मोठी संस्था उघडली. तिथे कैदीही असत आणि स्वतःहून आलेले रुग्णही. ती इस्पितळ होती की तुरुंग, हे तिला स्वतःलाही शेवटपर्यंत नीट ठरवता आले नाही. तिथून बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत.

१९६२च्या रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालाने एक गोष्ट निकालात काढली. नुसते व्यसनी असणे हा गुन्हा होऊ शकत नाही. तशी शिक्षा देणे क्रूर ठरेल. पण पदार्थ जवळ बाळगणे, विकत घेणे, विकणे हे गुन्हे तसेच राहिले. व्यसनी माणूस पदार्थ जवळ न बाळगता व्यसनी कसा राहणार, हा प्रश्न कोणी फारसा ताणला नाही. १९७२मध्ये आरोपींना उपचारांकडे वळवणारा एक केंद्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने गव्हर्नर रॉकफेलर यांचे कडक कायदे केले. त्यांत थोड्याशा हेरॉइनसाठीही पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा होती. १९८६च्या केंद्रीय कायद्याने कळस केला. पाच ग्रॅम क्रॅक किंवा पाचशे ग्रॅम कोकेन भुकटी, दोन्हींना किमान शिक्षा सारखीच, पाच वर्षे. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा होणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक प्रमाण २०१०मध्ये अठरास एकवर आणले गेले. किमान शिक्षा कायद्यानेच ठरल्या की न्यायाधीशाच्या हातात फारसे काही उरत नाही. ड्रग कोर्टाचे आकर्षण न्यायाधीशांना वाटले, त्याचे एक कारण हेही असावे.

मनोरुग्णांची कहाणी वेगळ्या वाटेने येऊन त्याच दारात पोहोचते. १८४१ साली डोरोथिया डिक्स ही शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधल्या एका तुरुंगात स्त्री कैद्यांना धार्मिक शिकवण द्यायला गेली. तिथे तिला गुन्हेगारांबरोबर कोंडलेल्या मनोरुग्ण बायका दिसल्या. पुढे राज्योराज्यी सरकारी मनोरुग्णालये उभी राहिली, त्यात तिच्या धडपडीचा मोठा वाटा आहे. वेडसर माणसाची जागा तुरुंगात नाही, हे तिने मान्य करून घेतले. पण शतकभरात ही मनोरुग्णालयेच कोंडवाडे झाली. १९५५मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांतल्या अनेकांची अवस्था डिक्सने पाहिलेल्या तुरुंगापेक्षा फार बरी नव्हती.

मग तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. १९५४मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध बाजारात आले आणि तीव्र लक्षणे आटोक्यात येऊ लागली. ऑक्टोबर १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी वस्तीपातळीवर मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. १९६५मध्ये मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना आली, पण तिने मनोरुग्णालयात दाखल असलेल्या प्रौढांचा खर्च उचलायचा नाही असे ठरले. त्यामुळे खाटा रिकाम्या करण्यातच राज्यांचा फायदा होता. त्यांनी खाटा रिकाम्या केल्या. त्यांची जागा घेणारी केंद्रे मात्र ठरली होती तेवढी कधीच उभी राहिली नाहीत, आणि जी झाली त्यांतली अनेक सौम्य त्रासाच्या रुग्णांमध्ये गुंतली. स्किझोफ्रेनियाचा माणूस आगीतून फुफाट्यात पडला. रस्त्यावर राहणे, दुकानात घुसून बसणे, आरडाओरडा, किरकोळ चोरी, आणि शेवटी पोलिसांची गाडी. लायोनेल पेनरोज या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९३९मध्येच युरोपीय देशांची आकडेवारी मांडून दाखवले होते की, जिथे मनोरुग्णालयांतल्या खाटा कमी तिथे तुरुंगातली गर्दी जास्त. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे की नाही, यावर आजही वाद आहे. पण अमेरिकी तुरुंगाधिकाऱ्यांना तो वाद ऐकायला वेळ नव्हता; त्यांच्या कोठड्यांत माणसे येऊन पडत होती.

१९९७मध्ये फ्लोरिडातच, मायामीशेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांचे मानसिक आरोग्य न्यायालय सुरू झाले. त्याआधी तिथे एक प्रकरण गाजले होते. मेंदूला इजा झालेला एक तरुण वर्षानुवर्षे योग्य उपचारांविना राहिला आणि त्याच्या धक्क्याने पडून एका वृद्धेचा मृत्यू झाला. चौकशीत काउंटीच्या मानसिक आरोग्य सेवेचे वाभाडे निघाले. नव्या कोर्टाने सुरुवातीला किरकोळ गुन्हेच हाती घेतले.

साचा ड्रग कोर्टाचाच होता. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या आरोपीवर देखरेख करणारा) आणि उपचार करणारे एकत्र बसून आधी प्रत्येकाविषयी बोलतात, मग सुनावणी. वकील एकमेकांशी भांडत नाहीत, न्यायाधीश थेट आरोपीला विचारतात, झोप कशी आहे, नोकरी मिळाली का, गोळ्या घेतोस ना. टप्पा पार झाला की कोर्टातच टाळ्या वाजतात. ड्रग कोर्टात तपासणीत पदार्थ सापडला तर दोन-चार दिवसांची कोठडी हा नेहमीचा उपाय. मनोरुग्णाच्या बाबतीत हे गणित बिघडते. गोळ्या बंद केल्या म्हणून भास होऊ लागलेल्या माणसाला कोठडीत टाकले तर तो सुधारत नाही, आणखी बिघडतो. त्यामुळे या कोर्टांना शिक्षेपेक्षा घर, औषधे आणि समजूत यांवर भर द्यावा लागला. साचा उसना घेतला तरी त्यातला धाक उसना घेता आला नाही, ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिवाय प्रत्यक्षात कित्येक आरोपींना व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही असतात. त्यांना कोणत्या कोर्टात पाठवायचे, हे पुष्कळदा कुठे जागा आहे यावर ठरते.

प्रसार झपाट्याने झाला. मायामीचे कोर्ट सुरू झाले तेव्हा तिथल्या सरकारी वकील असलेल्या जॅनेट रीनो १९९३मध्ये देशाच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्राच्या न्याय खात्याच्या प्रमुख झाल्या. पुढच्या वर्षीच्या गुन्हेविषयक कायद्यात ड्रग कोर्टांसाठी केंद्राचा निधी आला. त्याच कायद्याने नवे तुरुंग बांधायलाही पैसा दिला, हे सहसा सांगितले जात नाही. २०००मध्ये मानसिक आरोग्य न्यायालयांसाठीही केंद्रीय कायदा झाला. २००८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळे कोर्ट काढले. तोवर कॅनडात टोरांटो आणि ऑस्ट्रेलियात सिडनीजवळचे पॅरामॅटा इथेही ड्रग कोर्टे चालू झालेली होती.

परिणाम काय? २०१२मध्ये १५४ मूल्यमापने एकत्र करून झालेल्या अभ्यासात, प्रौढांच्या ड्रग कोर्टांतून गेलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. अल्पवयीनांच्या कोर्टांत मात्र परिणाम बराच कमी होता. टीकाकार वेगळ्याच जागी बोट ठेवतात. अनेक ठिकाणी प्रवेशासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. कार्यक्रम अर्धवट सुटला तर बचावाची संधी गेलेली असते आणि शिक्षा उभी राहते. हिंसक गुन्ह्याचा इतिहास असलेल्यांना केंद्राच्या निधीवरच्या ड्रग कोर्टांचे दार बंद, म्हणजे ज्यांच्या हातून मोठा गुन्हा घडण्याची भीती जास्त तेच बाहेर. आणि कित्येक न्यायाधीशांनी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनसारख्या व्यसनावर डॉक्टरांनी दिलेली औषधेही ‘व्यसनच’ मानून बंद करायला लावली. २०१५मध्ये केंद्राने निधीसाठी अट घातली की, अशी औषधे घेणाऱ्याला त्या कारणाने नाकारता येणार नाही. १९१९मध्ये कोर्टाने डॉक्टरला जे करू दिले नव्हते, ते आता कोर्टाला मान्य करावे लागले.

मूळ आक्षेप याहून साधा आहे. उपचार मिळायला आधी अटक का व्हावी लागते? आजार आरोग्यव्यवस्थेचा आणि इलाज न्यायव्यवस्थेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये केअर कोर्टचा कायदा करून हे उलटवायचा प्रयत्न केला. तिथे गुन्हा लागत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा तशाच तीव्र मनोविकाराच्या माणसासाठी घरचे लोक किंवा डॉक्टर दिवाणी अर्ज करू शकतात आणि न्यायाधीश उपचारांची योजना मंजूर करतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सात काउंट्यांत ते सुरू झाले. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की गुन्हा नसलेल्या माणसालाही न्यायाधीशासमोर उभे करण्यापेक्षा तोच पैसा घरांवर आणि स्वेच्छेने मिळणाऱ्या उपचारांवर खर्च करावा.