काकूंच्या सत्त्याण्णव वर्षांमागचं बडोदं

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात माझ्या आजीला सगळे काकू म्हणत. चुलतभावंडं म्हणत म्हणून तिची स्वतःची मुलंही म्हणत. पुढे नातवंडांनी आणि शेजारच्या गुजराती घरांनीही तेच उचललं. २०२४ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी काकू गेल्या. भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी हटकून विचारत: त्या काळातल्या बाईकडे एवढं वाचन आलं कुठून, आणि आजोबा बाहेरगावी असताना एवढं मोठं घर त्यांनी चालवलं कसं? काकू कर्तबगार होत्या हे खरंच, पण या प्रश्नांची उत्तरं शोधायला त्यांच्या जन्माच्याही मागे जावं लागतं.

बडोदं गायकवाडांकडे आलं ते अठराव्या शतकात. आमचं घराणं मात्र त्या पहिल्या शिलेदारांपैकी नव्हे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून दूर केलं, महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला आणि तो पुढे सयाजीराव महाराज झाला. महाराज वयात येईपर्यंत दिवाण टी. माधवराव यांनी कारभाराची नवी घडी बसवली. नवी खाती आली, दफ्तरं वाढली, लिहित्या हातांची गरज पडली. त्या लाटेत काकूंचे आजोबा साताऱ्याकडून बडोद्यात आले आणि वसुली खात्यात चिकटले. शेतीवाडी नाही, इनाम नाही. महिन्याचा पगार आणि वाड्यातल्या दोन खोल्या.

याच आजोबांना आपल्या मुलीला, म्हणजे काकूंच्या आईला, शाळेत घालायचं नव्हतं. पण सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून पाहिला होता आणि १९०६ मध्ये तो कायदा सगळ्या राज्याला लागू केला. मुलींनाही सक्ती होती, मुलग्यांपेक्षा कमी वर्षांची, पण होती. शिक्षण मोफत आणि मूल घरी ठेवलं तर पालकाला दंड. आमच्या घरात सांगतात की आजोबांनी पहिले काही महिने चालढकल केली. मग कचेरीतल्या वरिष्ठाने एकदाच विचारलं, "सरकारचं मीठ खाता आणि सरकारलाच दंड भरणार का?" दुसऱ्या दिवशी मुलगी पाटी घेऊन शाळेत. दंडाची रक्कम फार नसेल, पण राज्याच्या नोकराचं नाव दंडाच्या यादीत येणं ही अब्रूची गोष्ट होती.

हा प्रसंग मला आमच्या घराण्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढची सगळी सुशिक्षित पिढी "आमच्याकडे शिक्षणाची आवड पहिल्यापासून" असं सांगत आली. आवड नंतरची, आधी कायदा आला. आणि हेही सांगायला हवं की आमच्यासारख्या कारकुनी घरांना या कायद्याचा लाभ सहज मिळाला. ज्या घरात मूल गुरं राखायला किंवा मजुरीला लागत असे, तिथे तोच दंड पोटाला चिमटा काढणारा होता.

काकूंची आई तीन-चार वर्षंच शाळेत गेली. मग लग्न झालं. १९०४ च्या कायद्याने बडोदे राज्यात मुलीचं लग्न बारा वर्षांच्या आत करायला बंदी घातली होती, म्हणून ती चार इयत्तांइतका वेळ तरी माहेरी राहिली. पण लिहिता-वाचता येणारी आई मुलीला मिळाली, हा फरक पुरेसा होता.

काकूंचा जन्म १९२७ चा. त्या वर्षी जुलैमध्ये गुजरातभर अतिवृष्टी झाली, विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, आणि काकू शेवटपर्यंत "पुराच्या सालची" अशीच स्वतःची ओळख सांगत. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. आपल्या गावची राणी उभी राहून बोलते, हे ऐकत वाढलेल्या मुलींची ती पिढी.

वाचनाचं उत्तर मात्र शाळेपेक्षा ग्रंथालयात आहे. अमेरिका पाहून आलेल्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. खेड्यांना पुस्तकांच्या पेट्या जात. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, आणि बायका-मुलांसाठी वेगळी सोय. मांडवीजवळच्या इमारतीत लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. काकू लहानपणी आईबरोबर तिथे जात. वरून चालणाऱ्या माणसाच्या पायांची सावली खालून दिसते, याची त्यांना आधी भीती वाटे आणि मग गंमत. लग्नानंतर पुस्तक बदलून आणायला दुपारी बाहेर पडायचं, एवढी एक गोष्ट त्यांनी सासूबाईंकडून मागून घेतली होती. सासूबाईंची अट: येताना खंडेराव मार्केटातून भाजी आणायची. पिशवीत खाली पुस्तक, वर मेथी.

माझे आजोबा, म्हणजे काकूंचे यजमान, गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वेत होते. या रेल्वेची सुरुवात १८६२ मध्ये डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेल्या गाड्यांपासून झाली होती. आजोबांच्या वेळी प्रतापनगरला तिचं वर्कशॉप जोरात होतं. १९४९ मध्ये १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानाची रेल्वे बी.बी. अँड सी.आय.मध्ये, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत गेली, तिची १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली, आणि गावातल्या गावात नोकरी करणारा माणूस बदलीचा माणूस बनला. आजोबांना आधी दाहोद, मग रतलाम. तिकडे बिऱ्हाड हलवायचं तर म्हातारे सासू-सासरे, दोन दीर, मुलांच्या शाळा यांचं काय? काकू बडोद्यात राहिल्या. वयाच्या पंचविशीत घराची सूत्रं हातात आली, ती अशी.

पगाराचे दोन भाग झाले की दोन्ही अपुरे पडतात. सुरसागर तलावाजवळचं महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ पासून बायकांना शिवण, भरतकाम शिकवत होतं. काकूंची बालविधवा आत्या तिथे शिकली होती आणि तिने काकूंना शिकवलं. सासरे दुपारी झोपले की काकू मशीन ओट्यावर आणत. काजं त्या हाताने करत: आधी कडेने एक धागा धावता घालायचा, मग त्यावर टाके इतके जवळ बसवायचे की नख जाता कामा नये. शेजारच्या गुजराती बायकांचे ब्लाउज, मुलांचे गणवेश. हिशोबाची वही त्या मराठीत लिहीत, गिऱ्हाइकांशी बोलणं गुजरातीत.

त्यांच्या तिन्ही मुली महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकल्या. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, म्हणजे बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची कन्या. मुलींना बसभाडं द्यायचं की दिराला नवी सायकल, असा वाद घरात झाला तेव्हा काकूंनी शिवणाच्या पैशांतून बसभाडं दिलं आणि सायकलीचा निर्णय आजोबांवर सोडला.

१९६० मध्ये गुजरात राज्य झालं. पोटापाण्याच्या दृष्टीने आमची मुलं गुजराती माध्यमात गेली, आणि त्यात काही चुकीचं झालं असं काकूंना वाटत नसे. नवरात्रात दुपारी भोंडला, रात्री गरबा, दोन्हीकडे त्या असत. फक्त मराठी वाचता आलं पाहिजे यावर ठाम. गुजराती लिपीत अक्षरांवर रेघ नसते, त्यामुळे आम्ही मराठी लिहिलं की सगळी अक्षरं बोडकी. काकू पाटीवर आधी लांब आडवी रेघ ओढून देत आणि म्हणत, "ही दोरी. आता एकेक टांग." एक पान लिहून झालं की ग्रंथालयातल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं, अडलं तर परत पहिल्यापासून.

दृष्टी अधू झाल्यावरही हा वर्ग त्यांनी बंद केला नाही. कानाने चुका पकडत. आता रविवारी सकाळी तो धाकटी आत्या घेते. पणतवंडं इंग्रजी माध्यमातली, म्हणून तिने सुरुवात बाराखडीपासून केली आहे. दिवाळीपर्यंत जोडाक्षरं संपवायची असं ठरलंय.