फ्लॅश स्टोरेजच्या एलडीपीसी डिकोडरमधली मेमरी

एसएसडी, पेनड्राइव्ह, फोनचं स्टोरेज, कुठलंही फ्लॅश घ्या, त्यातून वाचलेला डेटा तसाच्या तसा पुढे जात नाही, आधी कंट्रोलरमधला डिकोडर त्यातल्या चुका दुरुस्त करतो. आजच्या एसएसडीत हा डिकोडर बहुतेक वेळा एलडीपीसी (लो-डेन्सिटी पॅरिटी-चेक) या चूक-दुरुस्ती कोडचा असतो आणि हिशोबातले मधले आकडे ठेवायला त्याला चिपवरच एसरॅम (वेगवान मेमरी) लागते. ही एसरॅम कमी जागेत आणि कमी विजेत कशी बसवायची ते या नोंदीत बघू. बेरीज-वजाबाकीचं सर्किट त्यामानाने स्वस्तात होतं, जागा आणि वीज यांचा मोठा वाटा मेमरी खाते, त्यामुळे डिझाइन करणाऱ्याचं डोकं जास्त इथेच खर्च होतं.

चुका येतात कारण एका सेलमध्ये चार्जच्या टीएलसीत (सेलमागे ३ बिट) ८ आणि क्यूएलसीत (सेलमागे ४ बिट) १६ पातळ्या कोंबलेल्या असतात, सेल लिहून-पुसून झिजतो, चार्ज हळूहळू गळतो आणि पातळ्या एकमेकींत मिसळतात. आधी बीसीएच हा जुना चूक-दुरुस्ती कोड पुरायचा (१९५९ मध्ये ओकेंगम, १९६० मध्ये राजचंद्र बोस आणि रायचौधुरी), त्याला मेमरी जेमतेमच लागते. रॉबर्ट गॅलगरचा एलडीपीसीवरचा पेपर १९६२ चा, पण त्यावेळच्या हार्डवेअरला तो झेपला नाही, १९९० च्या दशकात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी तो परत पुढे आणला. यात प्रत्येक बिट आणि तो ज्या ज्या पॅरिटी चेकमध्ये (ठरावीक बिटांतल्या १ ची संख्या सम आहे ना, ही तपासणी) आहे ते चेक एकमेकांना मेसेज पाठवत राहतात, "मला वाटतं तू ० आहेस, आणि इतक्या खात्रीने", अशा फेऱ्यांवर फेऱ्या. प्रत्येक जोडणीचा मेसेज पुढच्या फेरीपर्यंत ठेवावा लागतो, मेमरी फुगते ती इथे.

आकड्यात बघू. समजा डेटा २ केबी म्हणजे १६,३८४ बिट, वर २,०४८ पॅरिटी बिट, एकूण १८,४३२. प्रत्येक बिट ४ चेकमध्ये, तर जोडण्या ७३,७२८, आणि एका मेसेजला ४ बिट धरले तर नुसत्या चेककडून येणाऱ्या मेसेजना ३६ केबी. हे एका डिकोडरचं झालं, आणि वेगासाठी कंट्रोलरमध्ये एकापेक्षा जास्त डिकोडर असू शकतात.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट, निदान मला तरी तीच वाटते. मिन-सम या मेसेज काढायच्या सोप्या पद्धतीत चेक प्रत्येक बिटाला "बाकीच्यांमधली सगळ्यात कमी खात्री" उत्तर म्हणून पाठवतो. एका चेककडे ७, ३, ५, २, ६ असे आकडे आले तर चौथा सोडून सगळ्यांना २ जाणार आणि चौथ्याला ३, बस. बिट पाच असोत की छत्तीस, उत्तरात आकडे दोनच! म्हणजे सगळे मेसेज ठेवायचेच कशाला, पहिला किमान, दुसरा किमान, पहिला कुठल्या जागेवर होता तो क्रमांक आणि प्रत्येकाचं चिन्ह (बिट ० वाटतो की १; मेसेजच्या ४ बिटांतला एक याचा, उरलेले ३ खात्रीचे) एवढं ठेवलं की झालं. वरच्या उदाहरणात एका चेकमध्ये ३६ बिट येतात, तर ३ + ३ + ६ + ३६ म्हणजे ४८ बिट, आधी लागत होते १४४. चेक २,०४८ आहेत, एकूण १२ केबी, ३६ चं थेट १२ झालं आणि उत्तरात एका बिटाचाही फरक नाही. फ्लॅशमध्ये पॅरिटीला जागा कमी देतात म्हणून एकेक चेक लांबलचक असतो, आणि चेक जितका लांब तितकी ही बचत जास्त.

दुसरी बचत लेयर्ड डिकोडिंगची. प्रत्येक बिटाची एकच एकूण बेरीज (वाचनातली खात्री आणि त्याच्या सगळ्या चेकचे मेसेज मिळून) ठेवायची, चेकच्या एका थराची म्हणजे गटाची पाळी आली की त्यातून त्या थराचा जुना मेसेज वजा करायचा, नवीन काढायचा, परत मिळवायचा. बिटाकडून चेककडे जाणारे मेसेज मग साठवावेच लागत नाहीत, शिवाय फेऱ्याही साधारण निम्म्या होतात. बेरजेला ६ बिट धरले तर १३.५ केबी. पण पाइपलाइन केली, म्हणजे एक थर संपायच्या आत पुढचा सुरू केला, की अडचण येते, आधीच्या थराची बेरीज अजून लिहून झालेली नसते आणि पुढच्याला ती हवी असते, म्हणून थरांचा आणि थरातल्या स्तंभांचा क्रम असा लावतात की सामाईक बिट शेवटी वाचले जातील.

कोडचं मॅट्रिक्स, म्हणजे कुठला बिट कुठल्या चेकमध्ये आहे तो तक्ता, आहे तसं ठेवलं तर ४.५ एमबी होईल, पण क्वासी-सायक्लिक कोडमध्ये ते २५६ × २५६ च्या फिरवलेल्या चौकटींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक चौकट किती घरं फिरवली तो आकडा पुरतो. रिकाम्या चौकटी सोडल्या तर असे २८८ आकडे, २८८ बाइट, शिवाय त्या चौकटींच्या जागा.

नुसते बिट मोजून मात्र भागत नाही, मेमरीचा आकारही बघावा लागतो. २५६ बेरजा एकदम वाचायच्या तर १,५३६ बिट रुंद आणि फक्त ७२ ओळी खोल अशी मेमरी होते, त्यात सेलपेक्षा आजूबाजूचं सर्किटच जास्त जागा घेतं. म्हणून कुणी रजिस्टर फाइल (छोट्या, रुंद मेमरीसाठीची रचना) वापरतं, कुणी ६४-६४ च्या तुकड्यांत काम करतं, मेमरी अरुंद आणि खोल होते पण वेळ चौपट लागतो. एकाच क्लॉकमध्ये वाचायचं आणि लिहायचं म्हणून ८ ट्रान्झिस्टरच्या सेलची ड्युअल-पोर्ट (दोन वाटांची) मेमरी घेण्यापेक्षा साध्या ६ ट्रान्झिस्टरच्या सेलच्या दोन बँक करून एकीतून वाचत असताना दुसरीत लिहिणं बहुतेक वेळा परवडतं, फक्त दोघांची टक्कर होणार नाही असा क्रम बसवावा लागतो.

नव्या, कमी झिजलेल्या ड्राइव्हमध्ये बरीचशी पानं (फ्लॅशमधून एकदम वाचला जाणारा डेटा) साध्या बिट-फ्लिपिंगनेच, म्हणजे जास्त चेकना चुकीचे वाटणारे बिट उलटवूनच, दुरुस्त होतात, त्याला वाचलेल्या बिटांचे २.२५ केबी आणि थोडं इकडचं-तिकडचं लागतं, म्हणून तो डिकोडर आधी चालवतात आणि मिन-समच्या मोठ्या मेमरीचं क्लॉक तोवर बंद ठेवतात. तिथे जमलं नाही तर तेच पान वेगवेगळ्या व्होल्टेजवर पुन्हा वाचून प्रत्येक बिटाची खात्री ठरवतात. ही खात्री पूर्ण आकड्यात न साठवता वाचनातून आलेले ३ बिट तसेच ठेवायचे, ६.७५ केबीत बसतात, आणि लागेल तेव्हा टेबलातून आकडा काढायचा. हे ३ बिट डिकोडिंग चालू असताना पुसू नयेत, कारण मिन-सम फसलं तर दुसरं टेबल लावून पुन्हा सुरुवात करता येते आणि फ्लॅशमधून तेच पान परत वाचायचा वेळ वाचतो.