ब्रिटिश एडन : मुंबई इलाख्याचं समुद्रापारचं ठाणं

एडन हे अरबस्तानच्या दक्षिण टोकाचं, आजच्या येमेनमधलं बंदर. १९ जानेवारी १८३९ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी ते जिंकून घेतलं आणि ३० नोव्हेंबर १९६७ पर्यंत ते ब्रिटिशांकडे राहिलं. त्यातली पहिली ९३ वर्षं, म्हणजे १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबईहून चालायचा. रत्नागिरी, पुणे, धारवाड जसे मुंबई इलाख्यात होते तसंच एडनही, फक्त मधे अख्खा अरबी समुद्र. मराठी माणसाला एडन आठवतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे, पण त्यांना तिकडेच का नेलं हे कळायला एडन मुंबईचं कसं झालं आणि तिथे एवढा पक्का कोट का उभा राहिला ते बघावं लागतं.

जागेची ठेवण आधी डोळ्यासमोर आणा, कारण सगळी तटबंदी त्या ठेवणीवरच बेतलेली आहे. एडन हे विझलेल्या ज्वालामुखीचं द्वीपकल्प. मधे शमसान डोंगर, काळाकभिन्न, झाडाचं नाव नाही, आणि जुनं गाव वसलंय ते थेट ज्वालामुखीच्या मुखात, म्हणून इंग्रजांनी त्याला क्रेटर हेच नाव दिलं. गावाच्या तीन बाजूंना डोंगराच्या भिंती आणि पूर्वेला समुद्र, त्या समुद्रात अगदी समोर सीरा नावाचं खडकाळ बेट. जमिनीकडून यायचं तर खोरमकसरची वाळूची अरुंद पट्टी ओलांडायची आणि डोंगरातली एक खिंड चढायची, दुसरा रस्ता नाही. म्हणजे निसर्गानेच अर्धा किल्ला बांधून दिलेला. १५१३ मध्ये गोव्याहून आलेल्या अल्बुकर्कने हे गाव घ्यायचा प्रयत्न केला होता, तटाला शिड्या लावल्या, माणसं एकदम चढली, शिड्या मोडल्या आणि पोर्तुगीजांना हात हलवत परत जावं लागलं. १५३८ ला तुर्कांनी एडन घेतलं, पुढे तेही गेले, आणि १८३० च्या दशकात ते लाहेजच्या अब्दली सुलतानाकडे होतं. तेव्हा गाव पार उतरणीला लागलेलं, जेमतेम पाच-सहाशे वस्ती, त्यात अरब, बऱ्यापैकी यहुदी आणि थोडे हिंदू बनिये, पडकी घरं आणि बुजलेल्या विहिरी.

असल्या गावावर मुंबईची नजर गेली ती कोळशामुळे. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही मुंबईत बांधलेली आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि टपाल तांबड्या समुद्रातून विलायतेला नेता येतं हे सिद्ध झालं, पण त्या काळच्या आगबोटी कोळसा खायच्या राक्षसासारख्या, वाटेत साठा असल्याशिवाय पुढे जाणंच शक्य नव्हतं. आधी सोकोत्रा बेट बघितलं, तिथे फौजही ठेवली, तापाने माणसं आडवी झाली म्हणून सोडून दिलं. दुसरी भीती इजिप्तच्या मुहंमद अलीची, त्याचं सैन्य येमेनात उतरलेलं होतं. मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट एडन घ्यायच्या मागे लागले होते, हेच ते ग्रँट रोडचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे ग्रँट, पण जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला ते वारले आणि एडन हाती आलेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

निमित्त मात्र आयतं मिळालं. १८३७ च्या सुरुवातीला 'दर्या दौलत' नावाचं, ब्रिटिश निशाण लावलेलं, यात्रेकरू आणि माल घेऊन जाणारं हिंदुस्थानी जहाज एडनजवळ फुटलं, किनाऱ्यावरच्या लोकांनी ते लुटलं आणि उतारूंचे हाल केले. कंपनीच्या आरमारातले कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स यांनी हा किनारा आधीच सर्व्हे करून पाठ केलेला, त्यांनाच भरपाई मागायला पाठवलं, आणि भरपाईबरोबर बंदराचाही सौदा सुरू झाला. सुलतान मुहसिन बिन फदल यांनी वर्षाला ८,७०० चांदीच्या डॉलरांवर (मारिया थेरेसाचं नाणं, त्या भागात तेच चालायचं) बंदर द्यायचं कबूल केलं असं हेन्स यांचं म्हणणं, पण सुलतानाचा मुलगा आणि सरदार आडवे आले. खरं सांगायचं तर हा सौदा मोकळ्या मनाने झालाच नव्हता, दारात युद्धनौका उभी करून केलेल्या खरेदीला खरेदी म्हणणं मला पटत नाही.

१९ जानेवारी १८३९ ला 'व्होलेज' आणि 'क्रूझर' या युद्धनौकांनी सीरा बेटावर तोफांचा भडिमार केला आणि सुमारे ७०० सैनिक किनाऱ्यावर उतरले, त्यात मुंबईची युरोपियन रेजिमेंट आणि २४ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री. अरबांनी सीरावरून शेवटपर्यंत तोफा चालवल्या. त्यांची दीडशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, इंग्रजांकडची पंधरा-सोळा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला हा पहिला मुलूख जिंकलेला. लुटीत जुन्या तुर्की तोफा मिळाल्या, त्यातली एक कांस्याची लांबलचक तोफ लंडनच्या टॉवरमध्ये गेली. ती १५३०-३१ मध्ये मुहंमद बिन हमझा नावाच्या कारागिराने ओतलेली, तुर्की सुलतान सुलेमानच्या हिंदुस्थानावरच्या मोहिमेसाठी. हिंदुस्थानला म्हणून निघालेली तोफ वाटेत एडनला तीनशे वर्षं पडून राहिली आणि शेवटी हिंदुस्थानातून आलेल्या शिपायांच्या हाती लागली, मला तर ह्या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली आहे.

गाव घेणं एका सकाळचं काम होतं, राखायला मात्र वर्षं गेली. जून १८३९ मध्ये सुलतानाशी वर्षाला ६,५०० डॉलरचा तह झाला, तरी नोव्हेंबरमध्ये मोठ्या संख्येने अरब जमाती चालून आल्या, मग मे १८४० आणि जुलै १८४० मध्ये परत. तिन्ही वेळा तडाखा जमिनीकडून, खोरमकसरच्या पट्टीवरून. त्यामुळे पहिली तटबंदी झाली ती समुद्राकडे पाठ करून. पट्टीवर तुर्कांच्या काळचा पडका तट होता, त्याच्या आधाराने घाईघाईत मोर्चे बांधले, तोफा चढवल्या. पक्कं बांधकाम करायचं की नाही यावर मुंबई आणि कलकत्ता यांच्यात वर्षानुवर्षं कागद फिरत राहिले, खर्च कोणी आणि किती करायचा हाच घोळ, आणि तोपर्यंत शिपाई त्या उन्हात कच्च्या झोपड्यांत. पुढे मात्र कामं जोरात झाली. पट्टीवर तट, खंदक आणि बुरूज, मुख्य खिंडीत डोंगर फोडून केलेला दरवाजा, आणि गावापासून पट्टीवरच्या मोर्च्यापर्यंत डोंगराच्या पोटातून काढलेले बोगदे, म्हणजे वेढा पडला तरी फौज, दारूगोळा आतल्या आत पुढे नेता यावा. सह्याद्रीतला डोंगरी किल्ला ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल, जिथे कडा तुटलेला तिथे काहीच बांधायचं नाही आणि जिथे माणूस चढू शकतो तेवढंच दार पक्कं करायचं.

समुद्राकडची बाजू नंतर महत्त्वाची झाली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि जहाजांची रीघ लागली, मग क्रेटर मागे पडलं आणि पश्चिमेच्या खोल बंदरावरचा तवाही भाग, ज्याला स्टीमर पॉइंट म्हणायचे, तो पुढे आला. कोळशाचे ढीग तिथे, तारघर तिथे, कंपन्यांची ऑफिसं तिथे. आता भीती अरब टोळ्यांची कमी आणि रशिया-फ्रान्सच्या क्रूझरची जास्त. १८७९ मध्ये लंडनला कार्नार्व्हन आयोग बसला, कोळशाची ठाणी कशी राखायची हाच त्याचा एक मोठा विषय होता आणि एडन त्यात होतंच. मोरबत आणि तर्शाइनच्या टोकांवर जड तोफा बसल्या. एडनला पूर्वेचं जिब्राल्टर म्हणायचे ते या सगळ्यामुळे.

पण एवढा कोट असून एडनची खरी दुखरी नस पाणी. पाऊस वर्षाला दोन-तीन इंच, तोही कधी येईल सांगता येत नाही, आणि माणसं वाढत चाललेली. क्रेटरच्या वर तवीलाच्या घळीत जुन्या काळी खडक कोरून केलेली टाकी होती, पार दगडमातीने बुजून गेलेली. १८५४ मध्ये असिस्टंट रेसिडेंट रॉबर्ट लॅम्बर्ट प्लेफेअर यांनी ती शोधून काढली आणि पुढची काही वर्षं साफ करून दुरुस्त करून घेतली. एकाखाली एक उतरत गेलेली टाकी, वरचं भरलं की पाणी खालच्यात, आतून चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून केलेला गुळगुळीत गिलावा, अजूनही टिकून आहे. सगळी मिळून सुमारे २ कोटी गॅलन पाणी मावेल एवढी. मावेल, पण पडायला तर हवं! शेवटी १८६७ च्या सुमारास समुद्राचं पाणी उकळून गोडं करायची यंत्रं आणि मुख्य जमिनीवरच्या शेख उस्मानहून आणलेला पाण्याचा पाट यांवर भिस्त ठेवावी लागली. १८८२ मध्ये शेख उस्मान आणि आजूबाजूचा भागच सुलतानाकडून विकत घेतला. त्याआधी समोरचं लिटल एडनही घेतलेलं होतं. एवढं करूनही जुलै १९१५ मध्ये तुर्कांनी लाहेज घेऊन शेख उस्मान गाठलं तेव्हा एडनचं पाणी तुटलं आणि त्या सगळ्या तोफा-बोगद्यांचा काही उपयोग नव्हता, शेख उस्मान दोन आठवड्यांत परत घेतलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. लाहेज मात्र युद्ध संपेपर्यंत तुर्कांकडेच राहिलं.

कारभाराचं म्हणाल तर सुरुवातीला सगळं एकट्या हेन्स यांच्या डोक्यावर. पोलिटिकल एजंट तेच, न्याय देणारे तेच, खजिना सांभाळणारे तेच, आसपासच्या जमातींशी बोलणी आणि हेरांचं जाळंही त्यांचंच. मुंबईकडे हाताखाली माणसं मागायची तर नकार नाहीतर उशीर. त्यांच्या पंधरा वर्षांत ओसाड गावाची वस्ती वीस हजारांच्या घरात गेली, १८५० मध्ये एडनला जकात माफ झाली आणि कॉफीचा व्यापार येमेनच्याच मोखा बंदरातून इकडे सरकला. पण हिशोब नीट ठेवलेले नव्हते. १८५४ मध्ये सुमारे २८,००० पौंडांची तूट निघाली, हेन्स यांना मुंबईला बोलावून अफरातफरीचा खटला भरला, दोनदा ज्युरीने निर्दोष सोडलं, तरी सरकारने त्या रकमेसाठी दिवाणी दावा लावून त्यांना कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. सहा वर्षं! १८६० मध्ये नवे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी सोडवलं आणि आठवड्याच्या आत, विलायतेला जायला निघालेले असताना, मुंबई बंदरातच जहाजावर ते वारले. ज्या सरकारने माणसाला कारकून दिला नाही त्याच सरकारने त्याच्याकडून पै-पैचा हिशोब मागितला, हा अन्यायच होता असं मी म्हणेन, एडनच्या सुलतानाशी ते कसेही वागले असले तरी.

त्यांच्यानंतर आउट्रम, मग कॉगलन, आणि हळूहळू ते साधं पद रेसिडेंटचं झालं, तोच फौजेचाही मुख्य. चलन रुपया, टपालाला हिंदुस्थानी तिकिटं, गुन्ह्याला इंडियन पीनल कोड, १८६४ च्या कायद्याने कोर्टं, आणि मोठ्या खटल्यांचा धागा थेट मुंबई हायकोर्टापर्यंत. बंदरासाठी १८८८ च्या कायद्याने मुंबईसारखाच पोर्ट ट्रस्ट. कारकून, शिपाई, ओव्हरसियर, दुकानदार यांत हिंदुस्थानी माणसं भरपूर, व्यापारात पारशी, बोहरी, बनिये पुढे. हमाली आणि कोळसा भरायचं घामाचं काम मात्र येमेनी आणि सोमाली लोकांनी केलं, त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

इलाख्याचं इतकं लांबचं, चारी बाजूंनी बंद ठाणं म्हटल्यावर कैदी ठेवायला ते सोयीचंच. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप झाली आणि १८८० च्या सुरुवातीला त्यांना एडनला आणलं. त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळ काढला होता. पण पळून जाणार कुठे? सगळा कोटच असा रचलेला की आत यायला आणि बाहेर जायला वाट जवळजवळ एकच, आणि पुढे उघडी वाळू, भाषा परकी, पाणी नाही. पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला त्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला.

१९३२ मध्ये एडन मुंबईकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली चीफ कमिशनरकडे दिलं आणि १ एप्रिल १९३७ ला हिंदुस्थानपासूनच तोडून राणीच्या नाही, तेव्हा राजाच्या, खास वसाहतीत टाकलं. तिथल्या आणि मुंबईतल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी याला बराच विरोध केला होता. त्याच दिवशी एडनची स्वतःची तिकिटं निघाली, त्यावर शिडाच्या गलबताचं चित्र. रुपया मात्र १९५१ पर्यंत चालत राहिला.

पारशी व्यापारी कावसजी दिनशा यांनी १८८३ मध्ये एडनला अग्यारी बांधली होती. इंग्रज गेले, दक्षिण येमेनमध्ये डाव्यांचं सरकार आलं, पारशी कुटुंबं निघून गेली आणि अग्नी सांभाळायला माणूस उरेना. मग १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये, बरीच वर्षं खटपट केल्यावर, एअर इंडियाचं खास विमान पाठवून तो अग्नी पेटता ठेवूनच मुंबईला आणला आणि तिथून लोणावळ्याला नेला. लोणावळ्याची आदनवाला अग्यारी म्हणतात ती हीच.