जिन : निवड आणि घरगुती मिश्रणे

ज्युनिपर या सदाहरित, काटेरी पानांच्या झुडपाच्या फळांचा स्वाद दिलेले रंगहीन मद्य म्हणजे जिन. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेला, जवळजवळ बेचव मद्यार्क हा तिचा पाया असतो. ज्युनिपर, धणे, लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि इतर मसाले त्या मद्यार्कात मुरवून तो पुन्हा उकळतात आणि त्याची वाफ थंड करून जिन मिळवतात. व्हिस्कीची चव बरीचशी लाकडी पिंपातून येते, जिनची मसाल्यांतून. त्यामुळे जिन निवडणे हे मुख्यतः नाकाचे काम आहे, आणि ज्या घरात धणे भाजल्याचा वास आतल्या खोलीतूनही ओळखता येतो तिथे या कामाची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

जिनचे मूळ नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘येनेव्हर’ या मद्यात आहे. ज्युनिपरच्या नावावरून ते नाव पडले आणि इंग्रजांनी तोडून ‘जिन’ केले. १६८९ मध्ये नेदरलँड्सचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. त्यानंतर फ्रेंच ब्रँडीला आडकाठी झाली आणि देशी धान्यापासून मद्य गाळायला मोकळीक मिळाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या गरीब वस्त्यांत जिनने हाहाकार माजवला. १७३६ चा कडक कायदा फसला, १७५१ च्या कायद्याने मात्र लगाम बसला. त्या काळची जिन गढूळ असे आणि तिचा उग्रपणा झाकायला गोड केलेली असे. १८३० मध्ये इनिअस कॉफी याने सलग चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचे पेटंट घेतले, स्वच्छ मद्यार्क स्वस्तात मिळू लागला आणि साखरेची गरज उरली नाही. आज आपण जिला ‘लंडन ड्राय’ म्हणतो ती कोरडी जिन इथून पुढची.

मसाले

ज्युनिपरचे ‘फळ’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ नाही. पाइनला जसा शंकू येतो तसाच हा शंकू, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. ते पिकायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवी आणि निळीकाळी फळे एकत्र दिसतात. इटलीतल्या टस्कनीत आजही फांद्यांवर काठी मारून पिकलेली तेवढी खाली पाडून गोळा करतात. हिमालयातही ज्युनिपर वाढते आणि आयुर्वेदाला ते ‘हपुषा’ या नावाने परिचित आहे. वाळलेला दाणा दोन बोटांत चुरडला तर आधी राळेचा, पाइनच्या लाकडाचा वास येतो, मग मिरीसारखा तिखटपणा आणि शेवटी किंचित गोडवा. या राळेच्या वासामागचे पायनीन हे तेल पाइनमध्येही असते.

ज्युनिपरच्या खालोखाल मान धण्यांना. धण्यातले लिनॅलूल हे तेल लिंबाच्या अंगाने जाणारा फुलांचा सुवास देते. ताजे धणे तळहातावर रगडले तर तो लगेच कळतो, आणि जुने, वाळून गेलेले धणे रगडले तर तो गेलेलाही कळतो. त्यानंतर येतात अँजेलिकाचे मूळ, जे मातकट आणि कोरडे असते, आणि आयरिसचे कंद, जे काही वर्षे वाळवल्यावरच सुगंध धरतात. पुढची यादी मराठी स्वयंपाकघराला परकी नाही. संत्र्याची व लिंबाची साल, वेलची, दालचिनी किंवा तिची जाड भावंड कॅशिया, जायफळ, ज्येष्ठमध आणि कबाबचिनी हे सगळे तिच्यात येतात. कोणत्याही जिनमध्ये हे सगळे असतेच असे नाही. चार-पाच मसाल्यांतही उत्तम जिन होते, आणि बाटलीवर वीस नावे छापल्याने ती चांगली ठरत नाही. ही गोष्ट गोडा मसाल्यालाही लागू आहे.

मसाल्यांचा अर्क काढायच्या मुख्य रीती दोन. मसाले मद्यार्कात भिजवून त्यासकट भट्टीत घातले की स्वाद दणकट उतरतो. जाळीच्या टोपलीत ठेवून त्यातून फक्त वाफ जाऊ दिली की तो हलका, फुलांच्या अंगाचा होतो. ‘बॉम्बे सफायर’ ही दुसऱ्या पद्धतीची प्रसिद्ध जिन. तिच्या नावात मुंबई असली तरी ती मुंबईत कधी बनली नाही. ती इंग्लंडची असून १९८० च्या दशकात बाजारात आली. तिसरी, स्वस्त रीत म्हणजे तयार मद्यार्कात नुसते अर्क मिसळणे. अशा जिनचा वास झाकण उघडताच भपकन येतो आणि पेल्यात पाच मिनिटांत विरतो.

बाटलीवर काय वाचावे

युरोपीय नियमांनुसार जिनमध्ये ज्युनिपरचा स्वाद ठळक असावा लागतो आणि मद्यार्काचे प्रमाण निदान ३७.५ टक्के असावे लागते. अमेरिकेत ही मर्यादा ४० टक्के आहे. भारतातल्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के छापलेले असते. ‘लंडन ड्राय’ हा गावाचा नव्हे, पद्धतीचा शिक्का आहे. सगळा स्वाद ऊर्ध्वपातनातूनच, म्हणजे उकळून वाफ थंड करण्यातूनच, आलेला असावा, नंतर रंग किंवा कृत्रिम वास घालू नये आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, एवढ्या अटी पाळल्या तर ती गोव्यातही बनू शकते. ‘ओल्ड टॉम’ म्हणजे जुन्या धर्तीची किंचित गोड जिन. गुलाबी जिन बहुधा फळांचा स्वाद दिलेली असते. ती सोड्याबरोबर चालते, पण मार्टिनीत, म्हणजे जिन आणि व्हर्मुथ या मसालेदार वाइनच्या कॉकटेलमध्ये, तिची साखर आड येते.

टक्केवारीकडे दुर्लक्ष करू नये. सुगंधी तेले मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही, म्हणून ३७.५ टक्क्यांची जिन टॉनिकमध्ये, म्हणजे कडसर फसफसत्या पाण्यात, लवकर हरवते आणि ४२-४३ टक्क्यांची टिकते.

भारतात अनेक दशके जिन म्हणजे कपाटाच्या कोपऱ्यातली एखादी देशी बाटली, सोबत लाइम कॉर्डियल (लिंबाचे गोड सरबत) किंवा लिम्का. २०१७ पासून हे चित्र झपाट्याने बदलले आणि त्याचे केंद्र गोवा ठरले. त्या वर्षी ‘ग्रेटर दॅन’ आली आणि २०१८ मध्ये त्याच कंपनीची ‘हपुसा’. नाव संस्कृतातले, ज्युनिपर हिमालयातले. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ हीसुद्धा गोव्याचीच. या बाटल्यांमुळे मोठा फरक पडला. परदेशी बाटलीचा भाव न परवडणाऱ्या घरांतही चांगली कोरडी जिन पोचली, आणि लिंबाची साल, हळद, कैरी असे आपले वास जिनमध्ये मानाने येऊ लागले.

पारख करताना बर्फ घालू नये. थंडीने वास दबतो. लहान पेल्यात १५ मिलिलिटर जिन घ्यावी, तोंड किंचित उघडे ठेवून हळूच वास घ्यावा, मग तेवढेच साधे पाणी घालावे. मद्यार्क पातळ झाला की दडलेले वास वर येतात. मसाल्यांची तेले भरपूर असतील तर जिनवर पुसटसे धुके येते. तो दोष नव्हे, तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे झाल्याची खूण आहे. राळ आणि मिरी पुढे असेल तर ती मार्टिनी आणि निग्रोनी या कॉकटेलची जिन. लिंबू आणि फुले पुढे असतील तर टॉनिकची. एकच बाटली घ्यायची असेल तर ज्युनिपर ठळक असलेली कोरडी जिन घ्यावी, कारण तीत फुलाफळांचा वास नंतर आणता येतो, पण नसलेले ज्युनिपर पेल्यात आणता येत नाही.

प्रमाण आणि कायदा

६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये, ४२.८ टक्के धरले तर सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. कॉकटेलची गोडी हे प्रमाण लपवते, म्हणून घरी पेग नेहमी मापाने ओतावा, अंदाजाने नाही. महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि परवाना लागतो. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यात ही वयोमर्यादा २१ आहे, पण तिथली स्वस्त बाटली परवान्याशिवाय सीमेपार आणणे गुन्हा ठरतो. घरी भट्टी लावणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही.

घरचे सामान

वेगळी हत्यारे घ्यायची गरज नाही. ३० व ६० मिलिलिटरचे माप, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, लांब दांड्याचा चमचा आणि चहाचे गाळणे पुरते. पाक करताना मात्र मराठी हात चुकतो. त्याला एकतारी पाकाची सवय असते, आणि कॉकटेलचा पाक त्याहून खूप पातळ हवा. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. तार धरलेला पाक थंड पेल्याच्या तळाशी बसतो.

बर्फाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि पेला बहुधा तिथेच बिघडतो. फ्रीझरमध्ये मासळीच्या डब्याशेजारी आठवडाभर पडलेल्या बर्फाला तिचा वास लागतो. तुकडे मोठे, ताजे आणि भरपूर असावेत. कमी बर्फ लवकर वितळतो आणि पेय जास्त पाणचट करतो.

लिंबाचा हिशेबही नीट समजून घ्यावा. परदेशी कृतींतल्या बऱ्याचशा मापांमागे मोठे पिवळे ‘लेमन’ असते. आपले कागदी लिंबू वेगळे, त्याहून तीव्र आणि सालीला जास्त तिखट. ती मापे जशीच्या तशी घेतली तर दात आंबतात. २५-३० मिलिलिटर लिहिले असेल तिथे १५-२० पासून सुरुवात करावी. रस ऐनवेळी पिळावा आणि साल काढताना पांढरा भाग येऊ देऊ नये.

मिश्रणे

जिन आणि टॉनिक हे पेय ब्रिटिश भारताशी बांधलेले आहे. टॉनिकचा कडूपणा सिंकोना या झाडाच्या सालीतल्या क्विनीनचा, आणि क्विनीन हे हिवतापावरचे औषध. लंडनच्या इरॅस्मस बाँडने १८५८ मध्ये फसफसणाऱ्या टॉनिकचे पेटंट घेतले. गोऱ्या शिपायांनी औषध म्हणून हे पेय शोधले अशी कथा सांगतात, पण १८६८ च्या एका जुन्या छापील उल्लेखात ते भारतातल्या घोड्यांच्या शर्यतीला जमलेल्या लोकांच्या हातात दिसते, म्हणजे गंमतीचे पेय म्हणून. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन इतके थोडे असते की औषध म्हणून त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरला ८३ मिलिग्रॅम आहे. गरोदर स्त्रियांना आणि क्विनीनची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र एवढेही वर्ज्य.

प्रमाण एकास दोन किंवा अडीच ठेवावे. ६० मिलिलिटर जिनला १२० ते १५० मिलिलिटर टॉनिक. ३०० चा अख्खा कॅन एका पेगवर ओतला की जिन बुडते. पेला काठोकाठ बर्फाने भरावा, जिन घालावी, मग फ्रीजमधले थंड टॉनिक पेल्याच्या कडेवरून हळू सोडावे आणि चमचा एकदाच खालून वर उचलावा. जास्त ढवळले की बुडबुडे निघून जातात.

गिमलेट समुद्रावरून आले. १८६७ मध्ये लॉकलिन रोझ याने मद्याशिवाय साखरेत लिंबाचा रस टिकवण्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ब्रिटिश जहाजांवर स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) टाळण्यासाठी लिंबाचा रस सक्तीचा झाला. आपल्याकडचे ‘जिन-लाइम’ याच घराण्यातले. घरी ६० मिलिलिटर जिन, २० कागदी लिंबाचा रस आणि २० पाक डब्यात बर्फासह पंधरा सेकंद जोरात हलवून गाळावे. यातच सोडा घालून उंच पेल्यात दिले की टॉम कॉलिन्स झाले.

रस असेल तर हलवायचे, नुसतीच मद्ये असतील तर ढवळायचे, हा नियम पाळण्याजोगा आहे. मार्टिनीत ६० जिनला १० ते १२ ड्राय व्हर्मुथ घालून बर्फावर अर्धा मिनिट ढवळतात. जिन फ्रीझरमध्ये ठेवली असेल तर बर्फ वितळत नाही, पेयात पाणी उतरत नाही आणि ते घशाला लागते. तेव्हा चमचाभर थंड पाणी वेगळे घालावे. व्हर्मुथ ही वाइन आहे. उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी. पुष्कळ लोकांना मार्टिनी नावडते, त्यामागे वर्षभर कपाटात उभी राहून आंबलेली व्हर्मुथ असते.

निग्रोनी इटलीतल्या फ्लॉरेन्सची, परंपरेने १९१९ च्या सुमाराची. जिन, कँपारी (लाल, कडू इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिलिलिटर, वर संत्र्याची साल. पेला लहान दिसला तरी त्यातला मद्यार्क जवळपास मोठ्या पेगएवढा भरतो.

कोकणच्या साठवणीतले कोकम जिनला फार शोभते, पण अमृत कोकम आणि आगळ यांची गल्लत करू नये. अमृत कोकम साखरेचे असते. ते सोड्याबरोबर, वेगळा पाक न घालता वापरावे. आगळ खारट असते, आणि मीठ कडूपणा दाबते, म्हणून ते टॉनिकशी जमते. ६० जिन, दोन लहान चमचे आगळ, एक चमचा पाक आणि वर टॉनिक. चैत्रात कैरीचे पन्हे केले असेल तर ते दाट गर असतानाच दोन चमचे बाजूला काढावे. त्यातली वेलची जिनमधल्या वेलचीला जाऊन मिळते. केशर घातलेले पन्हे मात्र तसेच प्यावे, जिनपुढे केशराचा वास टिकत नाही.