जुनाट पादव्रण : संयुक्त चिकित्सा

गुडघ्याखाली किंवा घोट्यापाशी झालेली व सहा आठवड्यांत भरून न आलेली जखम (काही लेखक ही मुदत तीन महिने धरतात) एकाहून अधिक उपचारांची सांगड घालून बरी करण्याची पद्धती. असे बहुसंख्य व्रण नीलांतील (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांतील) झडपा निकामी झाल्याने होतात. बाकीच्यांमागे अरुंद झालेल्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या), मधुमेह, कुष्ठरोग किंवा हत्तीरोगाची सूज असते.

या पद्धतीचे मूळ पुष्कळदा सुश्रुतसंहितेत दाखविले जाते. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून त्यांत लंघन (उपवास), रक्तविस्रावण (रक्त काढणे), शोधन (जखम स्वच्छ करणे), रोपण (जखम भरून आणणे) व बंध (पट्टी बांधणे) येतात. प्राच्यविद्यापंडित हर्न्ले यांनी सुश्रुताचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास मानला. तथापि सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण याने नागार्जुनाला प्रतिसंस्कर्ता (ग्रंथाची सुधारित आवृत्ती करणारा) म्हटले आहे, आणि आजची संहिता अनेक थरांची असून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय हे साठ उपक्रम एकदम करावयाचे नसून व्रणाची अवस्था पाहून निवडावयाचे आहेत. त्यामुळे आजच्या अर्थाने त्यांना संयुक्त चिकित्सा म्हणणे थोडे सैलपणाचेच होईल.

आधुनिक चिकित्सेचा कणा दाबपट्टी हा आहे. घोट्याशी सुमारे ४० मिमी. पाऱ्याइतका आणि वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब देतात. त्याआधी डॉप्लर यंत्राने (श्राव्यातीत ध्वनीने रक्तप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने) घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढणे आवश्यक असते. ते ०.८ हून कमी असल्यास पूर्ण दाब देत नाहीत, आणि ०.५ हून कमी असल्यास पट्टी आवळल्याने पाय गमावण्याची भीती असते. पट्टीखाली जखम ओलसर ठेवतात. ओलाव्यात त्वचा लवकर सांधते, हे संशोधक विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखविले. पेंटॉक्सिफायलिन ही रक्तप्रवाह सुधारणारी पूरक गोळी होय.

दाबपट्टीला शस्त्रक्रियेची जोड द्यावी की नाही, हा वाद बराच काळ चालला. २००४ मधील एका ब्रिटिश चाचणीत वरवरच्या नीलांची शस्त्रक्रिया केल्याने व्रण भरण्याचे प्रमाण वाढले नाही. दोन्ही गटांत ते ६५ टक्के होते. मात्र वर्षभरात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण २८ वरून १२ टक्क्यांवर आले. २०१८ मधील चाचणीत नीला आतून लवकर बंद केल्यास व्रण भरण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचे व्रण भरण्यास लागलेला काळ) ८२ दिवसांऐवजी ५६ दिवस भरला. दुरुस्त होण्याजोग्या नीला आधीच हाताळाव्यात, या मताकडे त्यामुळे कल झुकला आहे.

कोकणात पावसाळा या उपचारांच्या आड येतो. लावणीच्या दिवसांत ‘पाय उंच ठेवून बसा’ हा सल्ला पाळणे अवघडच. पट्टी भिजते आणि जखमेभोवतीची कातडी पांढरी पडते. तेथे झिंकची पेस्ट लावतात. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतून जिवाणू शिरून पाय सुजतो, म्हणून त्यांवर बुरशीरोधक मलम लावणे हाही येथे उपचाराचाच भाग ठरतो. भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) लावण्याची चाल उपयुक्त आहे, पण ते व्रणात भरू नये. उंडीच्या बियांचे तेलही लावले जाते. त्याला दाबपट्टीच्या तोडीचा पुरावा नाही.

सर्व उपाय करूनही न भरणाऱ्या किंवा कडा उंचावलेल्या व्रणाचा तुकडा काढून कर्करोगासाठी तपासतात.